बाबांची चेरी गिटार विकायची आहे, पण कशी?

प्रश्न: माझे बाबा १९६६ साली कागद तंत्रज्ञान शिकायला मिशिगनमधल्या कॅलमझूला आले आणि इथलेच झाले. नोकरीच्या पहिल्या वर्षी, १९६८ मध्ये, त्यांनी गावातल्याच दुकानातून एक गिब्सन गिटार घेतली. लालसर रंगाची, पोटावर दोन एफ आकाराची भोकं असलेली. गेल्या नोव्हेंबरात बाबा गेले. आई आता डेट्रॉइटजवळ माझ्याकडे असते. गिटार तळघरात फर्नेसशेजारी तिच्या काळ्या पेटीत आहे. आतल्या लेबलवर ‘ईएस ३३५ टीडीसी’ लिहिलंय. पेटीत बाबांची गाण्यांची वही आहे, आणि श्रीखंडाच्या एका डब्यात जुन्या खुंट्या आणि स्क्रू. ओळखीच्या एका वादकाने गिटार पाहिली. म्हणाला, पॉलिशला सगळीकडे भेगा गेल्यात, खुंट्या मूळच्या नाहीत, तरी दोन हजार डॉलर रोख देतो, शनिवारी येतो. मुलगा म्हणतो, आधी कारच्या पॉलिशने चकचकीत करू. पुण्याचा भाऊ म्हणतो, विकू नकोस, येताना इकडे घेऊन ये, इथे बघू. आई म्हणते, पडून राहण्यापेक्षा कुणीतरी वाजवू दे. मला यातलं काही कळत नाही, आणि विकायचं म्हटलं की पोटात कालवतं. काय करू?
एक वाचक, मिशिगन

उत्तर:

ताई,

पहिलं काम आज संध्याकाळीच करा. त्या गृहस्थांना फोन करून सांगा की शनिवारी येऊ नका, घरात अजून ठरायचंय. कारणं देत बसू नका आणि ‘बरं, जास्तीत जास्त किती द्याल?’ असंही विचारू नका. तुम्ही आकडा विचारलात की घासाघीस सुरू झाली. आपल्या हातात काय आहे हेच ठाऊक नसताना घासाघीस करायला बसलं की नुकसान ठरलेलं. साठच्या दशकातली ३३५, मोडतोड न झालेली, दुकानात दोन हजारांच्या दुपटीहून जास्त भावाने विकली जाते. तो माणूस लबाडच आहे असं मी म्हणत नाही. पण रोख रक्कम, ठरलेला वार आणि वस्तूतले दोष दाखवून आधीच पाडलेला भाव, या तीन गोष्टी एकत्र आल्या की थांबायचं.

आता त्या भेगा. गिब्सन त्या काळात नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरायची. हा लेप पातळ असतो आणि पुढे कित्येक वर्षं सुकत, आकसत राहतो. खालचं लाकूड उन्हाळ्या-हिवाळ्यात फुगतं, आकसतं. जुन्या लेपाला तेवढं ताणता येत नाही, मग त्यावर केसासारख्या रेषा उमटतात. आपल्याकडच्या लोणच्याच्या जुन्या चिनीमातीच्या बरणीवर बारीक रेषांचं जाळं असतं ना, तसंच दिसतं. बरणी फुटलेली नसते आणि इथे लाकूडही तडकलेलं नसतं. उलट जाणकार गिऱ्हाईक त्या रेषा शोधतं, कारण पुन्हा रंगवलेल्या गिटारीवर त्या सहसा नसतात. तुमच्या गिटारीचा रंग पन्नास वर्षांपूर्वीचाच आहे याची ती सही आहे. आणि रंग मूळचा नसेल तर अशा गिटारीची किंमत ढोबळमानाने निम्म्यावर येते.

म्हणून तुमच्या मुलाला प्रेमाने पण ठामपणे थांबवा. कारच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. ते त्या रेषांमधून आत उतरतं आणि पुढे कधी कुठे लॅकरची दुरुस्ती करावी लागली तर तिथे नवा थर धरत नाही. शिवाय घासून चमक आणली की पन्नास वर्षांत चढलेला मऊ उजाळा कायमचा जातो. जुन्या सुती पातळाचा कोरडा तुकडा घेऊन धूळ झटका, बस. तारा गंजल्या असतील तर गंजू द्या. धातूच्या भागांवरचा काळपटपणाही तसाच राहू द्या.

हे इतकं कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. माझ्याकडे साठच्या दशकातली अशीच एक पोकळ अंगाची गिटार होती. तिचा वायर जोडायचा जॅक सैल झाला म्हणून एका दुकानात दिली. दुरुस्ती करणाऱ्याने चांगल्या हेतूनेच तिचं ‘पूर्ण सर्व्हिसिंग’ करून दिलं: बफिंग व्हीलवर धरून रेषा घालवल्या, जुने पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणांखालचे भाग, काढून नवे बसवले, जुने कचऱ्यात टाकले. घरी आणली तेव्हा मलाही ती सुंदर वाटली. काही वर्षांनी विकायला नेली तेव्हा समोरच्याने बॅटरी लावून आत बघितलं, पॉट नवे आहेत एवढं म्हणाला आणि आकडा जवळजवळ अर्धा केला. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. माझ्या परवानगीशिवाय माझ्या वाद्याचा एक स्क्रूसुद्धा कुणी फिरवत नाही.

आता तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघू, कारण भाव त्यावर ठरतो. लेबलवरच्या अक्षरांत टी म्हणजे पातळ अंग, डी म्हणजे दोन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग), सी म्हणजे चेरी रंग. ३३५ हे मॉडेल गिब्सनने १९५८ साली काढलं, टेड मकार्टी कंपनीचे अध्यक्ष असताना. पूर्ण पोकळ गिटार अॅम्पला जोडून आवाज वाढवला की घुमायला आणि शिट्ट्या मारायला लागते. म्हणून त्यांनी बाजूचे दोन कप्पे पोकळ ठेवले आणि मधोमध वरपासून खालपर्यंत मेपलचा सलग ठोकळा घातला. एफच्या भोकातून मोबाइलची बॅटरी आत मारा, आत भिंतीसारखा तो ठोकळा दिसेल. पोकळ गिटारीचा ऊबदार आवाज, पण शिट्टी नाही. ही युक्ती इतकी जमली की ब्लूजपासून जॅझपर्यंत सगळ्यांनी ती उचलली. आणि तुमच्या बाबांची गिटार बाबा ज्या गावात शिकले त्याच गावात, कॅलमझूच्या पार्सन्स स्ट्रीटवरच्या कारखान्यात घडली. १९८४ मध्ये तो कारखाना बंद झाला. तेव्हा काही कारागीर गाव सोडायला तयार झाले नाहीत आणि त्यांनी त्याच इमारतीत स्वतःची गिटार कंपनी काढली. कॅलमझूला कधी जाल तर ती जागा आईंना दाखवा.

इंटरनेटवर ३३५ शोधलीत तर डोळे पांढरे होतील असे आकडे दिसतील. प्रसिद्ध ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची १९६४ची ३३५ क्रिस्टीजच्या लिलावात २००४ साली ८,४७,५०० डॉलरला गेली. ती किंमत त्या हातांची होती, ती बाजूला ठेवा. खरा फरक वर्षांचा आहे. १९५८ ते ६२ पर्यंतच्या, नेकवर, म्हणजे गिटारीच्या लांब मानेवर, साधे ठिपके असलेल्या गिटारी सगळ्यात महाग. नंतर ठिपक्यांच्या जागी छोटे चौकोन आले. १९६५च्या सुमाराला दोन बदल झाले आणि तुमच्या गिटारीचा भाव त्यांनीच ठरवलाय. तारा अडकवायची घट्ट पट्टी जाऊन खालच्या टोकाला टांगलेली, झोपाळ्यासारखी ट्रॅपीझ टेलपीस आली आणि नेक अरुंद झाली. साधी पट्टी घेऊन नटजवळची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, रुंदी मोजा. आधीच्या गिटारींत ती ४३ मिलिमीटरच्या आसपास असते, त्या दोन-तीन वर्षांच्या गिटारींत ४०च्या आत. बऱ्याच वादकांना अरुंद नेक आवडत नाही, म्हणून ६६-६८च्या गिटारी ६४च्या मानाने स्वस्त. पण ही तीन मिलिमीटर तुमच्या गिटारीचा दोष नव्हे. लहान हातांच्या माणसाला तीच नेक सोयीची पडते आणि असं गिऱ्हाईकही असतंच.

टेलपीसबद्दल आणखी एक. ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या आधाराच्या, खाली, वरच्या फळीवर कुठे दोन बुजवलेली भोकं आहेत का बघा. पुढे अनेकांनी ट्रॅपीझ काढून जुन्या पद्धतीची पट्टी बसवून घेतली होती. फळी साफ असेल तर उत्तम.

हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, मागे ठोकलेला नंबर बघाल, पण त्यावरून साल ठरवू नका. साठच्या दशकात गिब्सनने तेच तेच नंबर पुन्हा वापरले आहेत. एकच नंबर दोन-तीन वेगवेगळ्या वर्षी पडलेला सापडतो. त्यापेक्षा आतले पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे गोल डबे, खरं बोलतात. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन खालच्या एफच्या भोकातून बघितलं तर त्यांच्या पाठीवर आकडे दिसू शकतात. समजा १३७६६३३ दिसलं, तर १३७ ही पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ हे साल, ३३ हा आठवडा. पॉट मूळचे असतील तर गिटार त्याच्या आधीची असूच शकत नाही. नंतरची मात्र असू शकते, कारण ६६चा साठा पुढे दोन वर्षं पुरल्याचं दिसतं. आकडे दिसले नाहीत तर सोडून द्या, काही उघडू नका. आणि बाबांची १९६८ची पावती मिळाली तर या सगळ्यापेक्षा ती मोठी. त्यांच्या कागदपत्रांत, जुन्या टॅक्सच्या फायलींत नीट शोधा. त्या पिढीतली माणसं पावत्या फेकत नसत.

एक गोष्ट मात्र नीट डोळ्यांत तेल घालून बघा, ती म्हणजे नटच्या मागे, जिथे हेडस्टॉक मागे झुकतो तो भाग. गिब्सनचा हेडस्टॉक कोनात असतो आणि गिटार पडली की बरोबर तिथे मोडते. चिकटवलेली असेल तर मागून एक आडवी किंवा तिरकी रेष दिसते, बोट फिरवलं की पुसट उंचवटा लागतो. यूव्ही टॉर्च असेल तर अंधाऱ्या खोलीत मारा. जुनं लॅकर हिरवट-पिवळं चमकतं आणि दुरुस्तीची जागा वेगळी, काळपट उठून दिसते. तसं काही असेल तर विकताना स्वतःहून सांगा. गिटार वाजायला उत्तम असेल तरी किंमत अर्धी होते, आणि लपवलं तर व्यवहार मोडून परत येते.

खुंट्यांचं त्या गृहस्थांनी खरं सांगितलं, फक्त अर्धं सांगितलं. त्या काळच्या क्लूसन खुंट्यांची प्लॅस्टिकची टोकं कालांतराने आकसतात, हात लावला की भुगा होतो. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकात शेकडो वादकांनी ग्रोव्हरच्या दणकट खुंट्या बसवून घेतल्या. तुमच्या बाबांनीही तेच केलं असणार. त्यासाठी भोकं थोडी मोठी करावी लागतात, त्यामुळे भाव थोडा उतरतो. थोडाच. पण बाबांनी जुन्या खुंट्या जपून ठेवल्या, ही या सगळ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तो श्रीखंडाचा डबा म्हणजे पैसे आहेत. त्यातला एकही स्क्रू, एकही वॉशर हरवू देऊ नका, टोकांचा भुगा झाला असला तरी तसाच ठेवा. झाकणाला टेप लावा आणि डबा पेटीतच राहू द्या. विकताना त्याचा फोटो गिटारीच्या फोटोइतकाच ठळक द्या. पेटीसुद्धा मूळची दिसते. आत पिवळसर मखमल असेल तर बहुधा त्याच काळातली, आणि नुसत्या तशा पेटीला काही शे डॉलर मिळतात.

तळघरातून गिटार मात्र आजच वर आणा. मिशिगनच्या हिवाळ्यात फर्नेसशेजारची हवा पापड वाळवण्याइतकी कोरडी असते, आणि उन्हाळ्यात तेच तळघर दमट. बेडरूमच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर, पेटी बंद करून ठेवा. आर्द्रता ४५ ते ५० टक्के राहील असं बघा. मोजायचा छोटा डायल दहा-पंधरा डॉलरला मिळतो. तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा, पूर्ण सैल करू नका.

भावाला काय सांगायचं? आधी हे समजावून सांगा की गिटार पुण्याला नेणं दिसतं तितकं सोपं नाही. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची फळी, रोजवुडचा, म्हणजे शिसवीच्या कुळातला. गिब्सन आधी ब्राझीलचं रोजवुड वापरायची, साठच्या मध्यानंतर हळूहळू भारतीय शिसव आलं. ब्राझीलच्या रोजवुडवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाही. भारतीय शिसवीवरही २०१७ मध्ये निर्बंध आले होते, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तुमची गिटार नेमकी या बदलाच्या काळातली आहे आणि दोन्ही लाकडं दिसायला सारखीच. जाणकाराने लाकूड ओळखून दिल्याशिवाय ती विमानात न्यायची नाही. कस्टमचा खर्च वेगळा. आणि विकायचीच असेल तर अशा गिटारीचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेतच आहे. पण भाऊ ‘विकू नकोस’ म्हणतोय ते शिसवीसाठी नाही, ते बाबांसाठी आहे. त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, आई समोर असू द्या, आणि ठरेल ते दोन ओळींत ईमेल करून ठेवा. पुढे पाच वर्षांनी ‘मला विचारलंच नाही’ हे वाक्य घरात येता कामा नये.

आता विकायचं कुठे. तुम्ही डेट्रॉइटजवळ आहात हे तुमचं भाग्य. दीड तासावर लॅन्सिंगमध्ये एल्डरली इन्स्ट्रुमेंट्स हे १९७२ पासूनचं दुकान आहे, जुन्या वाद्यांची नीट जाण असलेलं. तिथे पैसे देऊन लेखी मूल्यांकन करून घ्या. वारशाने आलेल्या वस्तूवर अमेरिकेत टॅक्स मोजताना माणूस गेला त्या वेळचा बाजारभाव धरतात, म्हणून या कागदाचा अकाउंटंटलाही उपयोग होईल.

मग तीन वाटा आहेत. दुकानाला सरळ विकून टाकणं: पैसे लगेच, पण दुकान पुढे ज्या भावाने विकणार त्याच्या साधारण ६० टक्के. कन्साइनमेंट, म्हणजे गिटार दुकानात ठेवून विकली गेल्यावर कमिशन देणं: अशी दुकानं १५ ते २५ टक्के घेतात, दोन-चार महिने लागू शकतात. किंवा स्वतः ऑनलाइन विकणं. तुम्हाला मी कन्साइनमेंटच सुचवेन. गिटारीबद्दल कुणी खोचक प्रश्न विचारले तर उत्तरं दुकान देईल, पॅकिंग ते करतील, पैसे बुडण्याची भीती नाही. आणि भाव चांगला आला तर त्यांचंही कमिशन वाढतं, त्यामुळे ते तुमच्या बाजूने बोलतात. स्वतः विकून कदाचित हजारभर जास्त मिळतील, पण त्यासाठी लागणारा, खोचक बोलण्याकडे कानाडोळा करण्याचा सराव तुम्हाला या वयात, या दुःखात करावा लागू नये असं मला वाटतं.

तरीही स्वतः विकायचं ठरलं तर घरी कुणाला बोलवू नका. बँकेत भेटा, पैसे तिथेच खात्यात जमा झालेले बघा आणि मग पेटी द्या. जास्तीच्या रकमेचा चेक पाठवून ‘उरलेले परत करा’ म्हणणाऱ्याला एक शब्दही उत्तर देऊ नका. हिवाळ्यात कुरिअरने पाठवली तर घेणाऱ्याला सांगा, खोकं एक दिवस घरात बंदच राहू दे. गारठलेलं लॅकर एकदम ऊबेत उघडलं की रेषांचं जाळं झपाट्याने वाढू शकतं.

कुठेही नेण्याआधी फोटो काढा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता. पुढून, मागून, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजू, लेबल, नंबर, ब्रिज, टेलपीस, खुंट्या, प्रत्येक ओरखडा, पेटी आतून-बाहेरून. हे गिऱ्हाइकासाठी आहेच, पण त्याहून तुमच्यासाठी आहे. चार हातांतून गेलेल्या गिटारीच्या भागांना कधी कधी पाय फुटतात. पिकअप तर सगळ्यात आधी जातात. त्यांची झाकणं कुणालाही काढू देऊ नका. कारखान्यातलं मूळ सोल्डरिंग तुटलं की तेवढ्यानेही किंमत उतरते.

राहिली पोटातली कालवाकालव. बाबांच्या माघारी त्यांची वस्तू विकणं म्हणजे त्यांना थोडं आणखी दूर करणं, असं तुम्हाला वाटत असणार, आणि मी ते वाटणं काढून घेऊ शकत नाही. पण गिटारीबरोबर काय द्यायचं आणि काय नाही, हे तुमच्या हातात आहे. पावती गिटारीबरोबर जाऊ द्या, तिची प्रत ठेवा. बाबा ती वाजवतानाचा एखादा जुना फोटो असेल तर त्याची प्रत गिऱ्हाइकाला द्या. एकाच माणसाने घेऊन आयुष्यभर सांभाळलेली गिटार, हे घेणाऱ्यालाही हवं असतं. वही मात्र देऊ नका. कुणी मागितली तरी नाही. गिटारी हजारो बनल्या, ती वही एकच आहे. सवडीने पानं स्कॅन करून भावाला पाठवा. त्याला पुण्यात गिटारीपेक्षा बाबांचं अक्षर जास्त हवं असेल, असं मला वाटतं.

आणि लॅन्सिंगला जाल तेव्हा आईंना सोबत न्या. मूल्यांकन करणारा माणूस गिटार तपासून झाली की अॅम्पला जोडून वाजवून बघेलच. तेव्हा त्या तिथे असाव्यात.